ताटाच्या मधोमध गार राहणारा भात: मायक्रोवेव्हच्या असमान उष्णतेमागचा इतिहास

सांगली, मिरज, सातारा, कराड या शहरांतल्या स्वयंपाकघरांत मायक्रोवेव्ह आता नवलाचा राहिलेला नाही. पण रोजचा स्वयंपाक त्यात क्वचितच होतो. भाकरी तव्यावर, डाळ कुकरमध्ये, भरलं वांगं कढईत, हा शिरस्ता कायम आहे. मायक्रोवेव्हच्या वाट्याला येतं ते गरम करणं: फ्रीजमधला सकाळचा भात, रात्रीची उरलेली आमटी, कामावरून उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट. अन्नाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सगळ्यांत नाजूक काम नेमकं हेच आहे. कडेचा भात तोंड पोळेल इतका गरम आणि मधला फ्रीजमधून काढला तसाच गार, हा अनुभव यंत्र वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने घेतलेला असतो. बहुतेक जण पुन्हा अर्धा मिनिट लावतात आणि विसरून जातात. ही असमानता मात्र यंत्राच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे. ती कमी करण्यासाठी अभियंत्यांनी काय काय केलं आणि वापरणाऱ्यासाठी काय शिल्लक ठेवलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

मायक्रोवेव्हमध्ये लहरी निर्माण करणारा भाग म्हणजे मॅग्नेट्रॉन. त्याचं आजचं रूप ज्यातून आलं तो पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन फेब्रुवारी १९४० मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी चालवून दाखवला. महायुद्ध पेटलेलं होतं आणि शत्रूची विमानं अंधारात शोधायला, म्हणजे रडारसाठी, कमी लांबीच्या, जोरकस लहरी हव्या होत्या. त्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री टिझर्ड यांच्या शिष्टमंडळाने तो अमेरिकेत नेला आणि तिथे त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. हे उत्पादन करणाऱ्यांत रेथिऑन ही कंपनी होती आणि तिथे पर्सी स्पेन्सर नावाचे अभियंते होते. शाळा लहानपणीच सुटलेली, पुढचं सगळं शिक्षण स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना त्यांच्या खिशातलं खाऊचं चॉकलेट वितळलं, ही १९४५ ची गोष्ट जगभर सांगितली जाते. मला त्यांची पुढची कृती जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी मक्याचे दाणे आणून लाह्या फोडून पाहिल्या, मग लहरी धातूच्या पेटीत कोंडल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट जानेवारी १९५० मध्ये मिळालं.

सगळ्या प्रश्नाचं मूळ त्या धातूच्या पेटीत आहे. रडारची लहर मोकळ्या आकाशात जाते. पेटीतली लहर भिंतींवर आपटून परत फिरते. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळल्या की काही जागी त्यांचा जोर वाढतो आणि काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. या जागा पेटीत ठरलेल्या राहतात. घरगुती यंत्रात लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी आवर्तनं, आणि लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. त्यामुळे जोराच्या दोन जागांमध्ये साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर पडतं. एका ताटात अशा कितीतरी गरम-गार जागा सहज मावतात.

दुसरी अडचण अन्नातच आहे. मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवतो, असं आपल्याकडे अजूनही ठासून सांगितलं जातं. ते खरं नाही. लहरी बाहेरूनच शिरतात आणि पाणीदार अन्नात दोन-तीन सेंटिमीटर जाईपर्यंत त्यांचा बराचसा जोर संपतो. मीठ जास्त असेल तर त्याहून अलीकडेच. त्यापुढच्या भागात उष्णता पोचते ती कढईत पोचते तशीच, एका कणाकडून शेजारच्या कणाकडे, हळूहळू. जाड थराच्या भाताचा किंवा वाडगाभर पिठल्याचा मधला भाग गार राहतो तो म्हणून. गोठलेल्या पदार्थाचं आणखी कठीण. बर्फ या लहरी फारच कमी शोषतो आणि पाणी पुष्कळ. एक कोपरा आधी वितळला की सगळी उष्णता तोच घेत सुटतो. तिथे अन्न शिजायला लागतं आणि शेजारी दगडासारखा बर्फ तसाच असतो. यंत्रांत पुढे आलेली ‘डीफ्रॉस्ट’ची सोय म्हणजे मॅग्नेट्रॉन थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. बंद असलेल्या वेळात उष्णता आतवर पसरावी, एवढाच तिचा हेतू.

आपल्या भागातलं याचं सगळ्यांत विलक्षण उदाहरण तासगावच्या द्राक्षाचं आहे. एकमेकांना टेकलेली दोन द्राक्षं मायक्रोवेव्हमध्ये ठेवली तर ती टेकतात तिथून ठिणगी उडून जळता गोळा उठतो. हे बराच काळ गमतीचा प्रयोग म्हणून माहीत होतं. २०१९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्याचं कारण मांडलं. पाण्यात या लहरीची लांबी आखडून सव्वा-दीड सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे साधारण द्राक्षाएवढी. त्यामुळे द्राक्षात लहर अडकून राहते आणि दोन द्राक्षांच्या सांध्यात तिचा जोर एकवटतो. हा प्रयोग घरी मुळीच करू नये, यंत्र खराब होतं. पण पदार्थाचा आकारही गरम-गार जागा ठरवतो, हे त्यातून लख्ख कळतं. बटाट्याच्या सारख्या फोडी सारख्या शिजतात आणि लहानमोठ्या एकत्र टाकल्या की काही वातड होतात, काही कच्च्या राहतात.

रेथिऑनने पहिलं विक्रीचं यंत्र १९४७ मध्ये आणलं. सांगलीत आजचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, ते हेच वर्ष. यंत्र जवळजवळ माणसाच्या उंचीचं, वजन ३४० किलोच्या आसपास, आणि थंड ठेवायला पाण्याची नळजोडणी लागणारं. मोठ्या उपाहारगृहांना आणि जहाजांनाच परवडणारं. टॅपन कंपनीचं घरगुती यंत्र १९५५ मध्ये आलं, किंमत १,२९५ डॉलर. ओट्यावर मावणारं आणि बऱ्याच घरांना परवडणारं यंत्र आलं १९६७ मध्ये, अमाना कंपनीचं, ४९५ डॉलरला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला सातारा जिल्ह्यात कोयनानगर भूकंपाने उद्ध्वस्त झालं. कोयनेची वीज तयार होऊ लागली होती, पण आपल्याकडच्या कितीतरी घरांत तेव्हा विजेचा दिवाही लागलेला नव्हता.

समान उष्णतेसाठी अभियंत्यांनी दोन मुख्य उपाय केले. एक म्हणजे पेटीच्या वरच्या भागात धातूची फिरती पाती, जी लहरींची दिशा सतत बदलत ठेवते. दुसरा म्हणजे फिरती काचेची थाळी. जपानच्या शार्प कंपनीने ती १९६६ मध्ये आणली, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत तीच आहे. लहरींच्या जागा हलत नसतील तर अन्न हलवा, असा तिचा सरळ विचार. थाळीला एक मर्यादा मात्र आहे: ती फिरली तरी तिचं केंद्र जागचं हलत नाही. बरोबर मधोमध ठेवलेली वाटी नुसती स्वतःभोवती फिरते. म्हणून वाटी थोडी कडेला ठेवावी, आणि भात किंवा पोहे ताटलीत पसरताना मध्ये खळगा ठेवून कडेने कड्यासारखे रचावेत.

यानंतरची काही वर्षं सार्वजनिक चर्चा भलत्याच दिशेला अडकली, असं माझं मत आहे. लोकांना भीती होती ती दारातून झिरपणाऱ्या लहरींची. ती चिंता अगदीच अनाठायी होती असं म्हणता येणार नाही, आणि तिच्यामुळे चांगले नियमही झाले. अमेरिकेत १९६८ मध्ये किरणोत्सर्गापासून संरक्षणाचा कायदा आला आणि १९७१ पासून यंत्रांना मर्यादा लागू झाली: यंत्राच्या पूर्ण आयुष्यात, पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटरवर, प्रत्येक चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॉटपेक्षा जास्त गळती नको. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद करणारी दुहेरी कळ सक्तीची झाली. दाराच्या काचेतली बारीक छिद्रांची जाळीही याच कामाची; छिद्रं लहरीच्या लांबीपेक्षा इतकी लहान असतात की लहर बाहेर पडू शकत नाही, उजेड पडतो. पण या सगळ्यात ताटातल्या गार जागेकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

ते गेलं १९८० च्या दशकाच्या शेवटी. ब्रिटनमध्ये तयार थंड जेवणाची पाकिटं लोकप्रिय झाली होती आणि लिस्टेरिया या जंतूने काळजी वाढवली होती. हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. सरकारने बाजारातली यंत्रं तपासली तेव्हा काही यंत्रं पाकिटावरच्या सूचना पाळूनही अन्न सगळीकडे ७० अंशांपर्यंत नेत नव्हती. त्यातून १९९२ मध्ये यंत्राची तापवण्याची शक्ती दाखवणारी, एकमेकींशी जुळणारी खूण यंत्रांवर आणि पाकिटांवर छापण्याची पद्धत आली. त्याच वर्षी अलास्कातल्या जुनो गावी एका मेजवानीतलं भाजलेलं डुकराचं मांस लोकांनी घरी नेलं. ते साल्मोनेला या जंतूने दूषित होतं. ज्या १० जणांनी ते मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं ते सगळे आजारी पडले; ज्या २० जणांनी तव्यावर किंवा साध्या ओव्हनमध्ये गरम केलं त्यांतला एकही नाही. संख्या लहान आहे, पण मधल्या गार जागेची किंमत इतकी स्पष्ट दाखवणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही. उरलेलं अन्न सगळीकडे ७४ अंशांपर्यंत गरम व्हावं, ही अमेरिकेतली शिफारस आजही कायम आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर मधल्या घासातूनही वाफ निघाली पाहिजे.

भारतात हे यंत्र घरोघरी पोचायला १९९१ नंतरचं खुलं धोरण लागलं. सॅमसंग १९९५ मध्ये आणि एलजी १९९७ मध्ये इथे आल्या, देशी कंपन्याही उतरल्या, आणि यंत्रासोबत केक, पिझ्झा, तंदुरी पनीर यांच्या कृतींची पुस्तिका येऊ लागली. शिळा भात कसा गरम करावा याला त्यात जागा नसे, ही मला मोठी उणीव वाटते. भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी केल्याशिवाय ज्या विद्युत वस्तू विकता येणार नाहीत त्यांची यादी २०१२ मध्ये निघाली, तिच्यात मायक्रोवेव्हही होता.

याच काळात आपल्याकडे भारनियमन होतं. सांगली-साताऱ्याच्या ग्रामीण भागात तासन्‌तास वीज नसे, आणि घरच्या इन्व्हर्टरला बाराशे-पंधराशे वॉटचं यंत्र झेपत नसे. फ्रीज बंद, आतलं अन्न कोमट, आणि वीज आल्यावर तेच दीड मिनिट फिरवून पानात. भाताच्या बाबतीत हे फार धोक्याचं. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू तांदूळ शिजल्यावरही जिवंत राहतात, भात कोमट पडून राहिला की वाढतात, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. तिथे तवा आणि मायक्रोवेव्ह सारखेच निरुपयोगी. भात दोन तासांच्या आत पसरून थंड करून फ्रीजमध्ये गेला नसेल तर तो खाऊ नये. भारनियमन सरलं तरी संध्याकाळी व्होल्टेज उतरणारी गावं आहेत. दाब कमी असला की अन्नाला मिळणारी उष्णताही घटते आणि नेहमीचं दीड मिनिट पुरत नाही.

इतिहासाने वापरणाऱ्याच्या हाती जे सोपवलं ते थोडं आहे, पण टाळता येणारं नाही. झाकण थोडं किलकिलं ठेवून लावावं, म्हणजे कोंडलेली वाफ गार जागांपर्यंत पोचते. कोरड्या भातावर चमचाभर पाणी शिंपडावं. अर्ध्या वेळेला थांबवून ढवळावं, कडेचं मध्ये आणि मधलं कडेला. बंद झाल्यावर दोन मिनिटं झाकलेलंच ठेवावं. या दोन मिनिटांत उष्णता आत सरकते, म्हणून हा वेळ शिजण्यातच मोजायचा. कृष्णाकाठचं वांगं भरतासाठी लावताना काट्याने चारपाच ठिकाणी टोचावं, नाहीतर सालीखालची वाफ ते फोडते. अख्खं अंडं लावूच नये. बेदाणे किंवा भडंग कुरकुरीत करायला जाऊ नये. पाणी कमी असलेला पदार्थ एखाद्या जागी जळतो आणि बाहेरून कळत नाही. तान्ह्या बाळाचं दूध यात गरम न करणं उत्तम, कारण बाटली हाताला कोमट लागते आणि आतलं दूध पोळणारं असू शकतं. नुसतं पाणी गुळगुळीत काचेच्या पेल्यात तापवलं तर ते उकळी न फुटता उत्कलनबिंदूच्या वर जाऊ शकतं आणि चमचा घालताच उसळतं. आधीच त्यात लाकडी चमचा ठेवावा.

सांगलीकरांसाठी आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि २०२१ मध्ये पुन्हा पाणी शहरात शिरलं. घरातली यंत्रं चिखलातून काढून, वाळवून अनेकांनी पुन्हा सुरू केली. पंखा किंवा मिक्सर असा दुरुस्त होतो. पुरात बुडालेला मायक्रोवेव्ह वापरू नये. दाराची चौकट आणि बिजागरी गंजली की दार घट्ट बसत नाही आणि गळतीची मर्यादा राहत नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार टिकून राहू शकतो, त्यामुळे घरच्या घरी मागचं झाकण उघडून पाहू नये. दार वाकलेलं, जाळी फाटलेली किंवा आतला रंग उडून पत्रा गंजलेला दिसला, तर पूर आलेला नसला तरी यंत्र आधी जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावं.