ओपिऑइड चाचणी : ‘निगेटिव्ह’ म्हणजे नक्की काय?

फेंटानिल या तीव्र वेदनाशामक ओपिऑइडचा (अफूसारखा परिणाम करणाऱ्या औषधाचा) पॅच त्वचेवर लावणाऱ्या रुग्णाच्या लघवीचा रिपोर्ट ‘ओपिएट (मॉर्फिनसारखी अफूजन्य द्रव्यं) निगेटिव्ह’ आला, म्हणून तो पॅच लावतच नाही असा संशय घेणं सरळसरळ अन्यायाचं आहे. लघवीच्या त्या झटपट चाचणीने फेंटानिल शोधलेलंच नसतं.

झटपट चाचणीच्या पट्टीत मॉर्फिनचा रेणू ओळखणाऱ्या, रंगीत कण लावलेल्या अँटिबॉडी असतात. चाचणीच्या रेषेवर मॉर्फिनसारखा रेणू आधीच बसवलेला असतो. लघवीत मॉर्फिन नसेल तर अँटिबॉडी रेषेपर्यंत पोचून तिथे चिकटतात आणि रेषा उमटते. पुरेसं मॉर्फिन असेल तर अँटिबॉडी त्यालाच चिकटून वाटेतच अडकतात, रेषा उमटत नाही. म्हणजे रेषा दिसली तर निगेटिव्ह, गरोदरपणाच्या चाचणीच्या अगदी उलट! फिकट रेषाही निगेटिव्हच धरायची. पट्टी नीट चालते आहे हे दाखवणारी कंट्रोलची रेषाच आली नाही, तर पट्टी बाद.

कोडीन या पट्टीवर पकडलं जातं, कारण त्याची घडण मॉर्फिनसारखी असते आणि यकृतात त्याच्या काही भागाचं मॉर्फिनही होतं. हेरॉइनचंही शेवटी मॉर्फिनच होतं. ऑक्सिकोडोन मात्र पुष्कळदा निसटतं. ट्रामाडॉल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि फेंटानिल या ओपिऑइडना प्रत्येकी वेगळी चाचणी लागते. म्हणून चाचणी लिहून देतानाच कोणतं औषध शोधायचंय ते लिहावं.

याच्या उलट, नको तिथे पॉझिटिव्ह येण्याची चूकही होते. खसखस खाल्ल्यावर लघवीत खरोखरच मॉर्फिन उतरतं. अमेरिकेत सरकारी नोकरीच्या चाचण्यांची मर्यादा १९९८ मध्ये दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली, ती मुख्यतः याच कारणाने. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्समुळे तर काही पट्ट्या मॉर्फिन नसतानाही पॉझिटिव्ह येतात.

नमुना खरा आहे ना हे पाहायला, तो घेतल्यावर ४ मिनिटांच्या आत त्याचं तापमान पाहावं. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअस असायला हवं. क्रिएटिनिन (लघवीतून बाहेर पडणारं शरीरातलं टाकाऊ द्रव्य) दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर लघवी पातळ झाली आहे. खूप पाणी प्यायल्यानेही तसं होतं, त्यामुळे लबाडीचा आरोप करण्याआधी पुन्हा नमुना घ्यावा.

पट्टीचा निकाल हा प्राथमिकच. नोकरी किंवा उपचार त्यावर अवलंबून असतील तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने) खात्री करायलाच हवी. लघवीतलं बरंचसं मॉर्फिन ग्लुकुरोनाइडशी (यकृतात औषधाला जोडल्या जाणाऱ्या साखरेसारख्या रेणूशी) जोडलेलं असतं. अनेक पद्धतींत ते आधी एन्झाइमने सोडवून घ्यावं लागतं; ही पायरी अर्धवट झाली की आकडा खोटा कमी येतो. हेरॉइनची खूण म्हणजे त्याचं मॉर्फिन होताना मध्ये तयार होणारं ६-मोनोअॅसिटिलमॉर्फिन, पण ते लघवीत साधारण दिवसभरही टिकत नाही. मॉर्फिन २-३ दिवस सापडतं. त्या आकड्यावरून किती डोस घेतला हे मात्र काढता येत नाही.

बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत रिपोर्टची वाट पाहू नये. श्वास मंदावलेला आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या दिसल्या, की श्वासाला आधार आणि नॅलॉक्सोन (ओपिऑइडवरचा उतारा) आधी. लघवीचा नमुना नंतर.