हाऊ आय मेट युअर मदर

'हाऊ आय मेट युअर मदर' ही अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १९ सप्टेंबर २००५ ते ३१ मार्च २०१४ या काळात चाललेली विनोदी मालिका. नऊ पर्वे, २०८ भाग. कार्टर बेज आणि क्रेग थॉमस यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या तरुणपणच्या दिवसांवरून ती बेतली. त्यांतले १९६ भाग एकट्या पामेला फ्रायमन यांनी दिग्दर्शित केले.

सन २०३० मध्ये टेड मोझबी मुलगा आणि मुलगी यांना समोर बसवून, त्यांची आई आपल्याला कशी भेटली ते सांगू लागतो आणि गोष्ट २००५ च्या मॅनहॅटनमध्ये शिरते. टेड (जोश रॅडनर) आर्किटेक्ट आहे आणि लग्नाला उतावीळ. कॉलेजपासूनचे मित्र मार्शल व लिली, बायका पटवण्याच्या युक्त्यांचे बाडच बाळगणारा बार्नी आणि कॅनडाहून आलेली टीव्ही पत्रकार रॉबिन, असे हे पाच जण मॅक्लॅरन्स नावाच्या बारमध्ये ठरलेल्या टेबलाशी बसतात. पहिल्याच भागात टेड रॉबिनसाठी रेस्टॉरंटच्या भिंतीवरचे निळे फ्रेंच हॉर्न पळवतो. हीच आई, असे आपण धरून चालतो. तेवढ्यात म्हातारा टेड मुलांना सांगतो की ही झाली तुमची 'आंट रॉबिन'. इंग्रजीतल्या मोघम 'आंट'ने इथे लेखकांची मोठी सोय केली आहे. मराठीत आत्या की मावशी हे ठरवावे लागले असते, आणि आत्या म्हटले असते तर पुढचा सगळा खेळच बिघडला असता.

मालिकेची खरी गंमत प्रेमकथेत नसून सांगणाऱ्याच्या विसराळूपणात आहे. जिचे नाव आठवत नाही ती मैत्रीण पडद्यावरही 'ब्लाह ब्लाह'च राहते. मुलांसमोर गांजाचा उल्लेख नको म्हणून कॉलेजातली पोरे भलेमोठे सँडविच चघळताना दिसतात. घरात बकरी शिरल्याचा किस्सा तिसाव्या वाढदिवसाचा म्हणून सुरू होतो आणि मध्येच टेडला आठवते की तो एकतिसावा होता. काळाच्या अशा उड्यांमुळे प्रेक्षकांसमोर चित्रीकरण करणे जमण्यासारखे नव्हते. तयार भाग प्रेक्षकांना दाखवून त्यांचे हसणे ध्वनिमुद्रित केले जाई. सहाव्या पर्वातल्या एका भागात बाटल्या, पाट्या, कागद यांवर ५० पासून उलटे आकडे दडवले आहेत. ते १ वर येतात आणि मार्शलला वडील गेल्याची बातमी कळते.

आईचा चेहरा (क्रिस्टिन मिलिओटी) थेट आठव्या पर्वाच्या अखेरीस दिसतो. नववे पर्व जवळजवळ सगळे बार्नी-रॉबिनच्या लग्नाच्या शनिवार-रविवारभोवती रेंगाळते आणि शेवटच्या भागात ते लग्न काही मिनिटांत मोडते. आई आजारपणात गेलेली असते. मुले टेडला रॉबिनकडे जा म्हणतात, आणि तो पुन्हा तेच निळे हॉर्न घेऊन तिच्या खिडकीखाली उभा राहतो. प्रेक्षक चिडले. या शेवटाचे मूळ व्यवहारात होते: मुलांचे काम करणारे नट मोठे होणार म्हणून त्यांचा शेवटचा प्रसंग दुसऱ्या पर्वाच्या वेळीच चित्रित करून ठेवला होता. मधल्या वर्षांत पात्रे बदलली, आई सर्वांना आवडून गेली, तो प्रसंग मात्र होता तसाच राहिला.

पुढे डीव्हीडीवर पर्यायी शेवट देण्यात आला. त्यात आई जिवंत असते आणि गोष्ट टेड आणि ती जिथे पहिल्यांदा बोलतात त्या फारहॅम्प्टन स्टेशनच्या फलाटावर, तिच्या पिवळ्या छत्रीखाली थांबते.