विजेरीतील एलईडीची हीटसिंकवरील जोडणी

घरी तयार केलेल्या किंवा जुनी मोडून नव्याने उभ्या केलेल्या विजेरीत पॉवर एलईडीचा तळ धातूच्या तुकड्यावर (हीटसिंकवर) असा बसवणे, की एलईडीत निर्माण होणारी उष्णता बाहेरच्या हवेपर्यंत पोहोचावी, म्हणजे ही जोडणी होय. ग्रामीण विदर्भात विजेरीला सर्रास ‘बॅटरी’ म्हणतात. रोही (नीलगाय) व रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी जागलीला जाणारे आणि रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देणारे शेतकरी ती वापरतात.

एलईडीच्या उगमाचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक हेन्री राउंड यांच्या १९०७ मधील सिलिकॉन कार्बाइडवरील निरीक्षणापासून आरंभ धरतात, काही १९२० च्या दशकातील ओलेग लोसेव्ह यांच्या कामापासून, तर काही निक होलोन्याक यांच्या १९६२ मधील तांबड्या एलईडीपासून. पांढऱ्या प्रकाशापुरता विचार केल्यास आकासाकी, आमानो व नाकामुरा यांचा निळा एलईडी (२०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक) हा निर्णायक टप्पा ठरतो. प्रस्तुत विषयाला मात्र यांपैकी कोणतीही तारीख फारशी लागू पडत नाही. सुमारे २० मिलिअँपिअरवर चालणाऱ्या ५ मिमी. एलईडीची अल्प उष्णता त्याच्या तारांवाटेच निघून जाई. धातूचा तळ असलेले, एक वॅट व त्यावरील एलईडी १९९० च्या दशकाच्या अखेरीच्या सुमारास बाजारात आले आणि हीटसिंकची गरज तेव्हापासून निर्माण झाली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. घरगुती फेरबदलांचा काळही अर्थातच त्यानंतरचा.

तंतूचा दिवा आपली बहुतेक उष्णता प्रारणाने स्वतःच बाहेर टाकतो. पांढऱ्या एलईडीच्या झोतात अवरक्त प्रारण जवळजवळ नसते. त्याला दिलेल्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने तळाशी साचतो व केवळ वहनानेच बाहेर पडू शकतो. म्हणून तळ आणि धातू यांमधील पातळ थराला महत्त्व येते. हवेची औष्णिक संवाहकता (उष्णता वाहून नेण्याची क्षमता) सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, साध्या दोन नळ्यांच्या इपॉक्सी गोंदाची सुमारे ०.२, साध्या थर्मल पेस्टची १ च्या आसपास, कथील-शिशाच्या डाखाची (सोल्डरची) सुमारे ५० आणि तांब्याची सुमारे ४०० असते. मात्र या आकड्यांवरून गोंद सर्वत्र त्याज्य ठरवणे बरोबर नाही, कारण क्षेत्रफळही तितकेच निर्णायक असते. ‘स्टार’ नावाने मिळणाऱ्या २० मिमी. व्यासाच्या ॲल्युमिनियम चकतीखाली इपॉक्सीचा ०.१ मिमी. जाडीचा थर असेल, तर दर वॅट उष्णतेमागे तापमान जेमतेम दीड अंशाने वाढते. तोच थर ३.५ मिमी. चौरस सुट्या एलईडीच्या तळाखाली आला, तर ही वाढ दर वॅटमागे ४० अंशांच्या घरात जाते. दोन वॅट उष्णतेला ती ८० अंश होते, म्हणजे एलईडीचे आयुष्य तेथेच संपते. चकती असेल तर पेस्ट व स्क्रू किंवा पातळ गोंद पुरतो. सुटा एलईडी मात्र डाखूनच बसवावा, हे मत अधिक ग्राह्य आहे.

डाखण्यासाठी तांब्याची तबकडी लागते, कारण ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर साधा डाख धरू देत नाही. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेला डाख १८३ अंश सें. ला वितळतो. तबकडी तव्यावर ठेवून खालून तापवून, डाख पातळ झाल्यावर एलईडी त्यावर अलगद सोडला की पृष्ठताणामुळे तो आपोआप जागेवर सरकतो. चिमट्याने त्याच्या कडा धराव्यात, वरच्या सिलिकॉन घुमटाला दाब देऊ नये. डाखात शिसे असल्याने यासाठी वापरलेला तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये, हे आवर्जून सांगणे आवश्यक आहे. काही एलईडींचा तळ विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, तर काहींचा एका टोकाला जोडलेला. धातूच्या अंगाच्या विजेरीत मल्टिमीटरने तपासणी न केल्यास शॉर्ट होण्याचा धोका राहतो. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद टाळावा. त्याच्या वाफेने भिंग पांढुरके होते.

हीटसिंकसाठी भंगारातील संगणकाचे पंखदार ॲल्युमिनियम, खिडक्यांच्या ॲल्युमिनियम सेक्शनचे तुकडे आणि जुन्या पितळी विजेरीचे अंग हे सहज मिळणारे साहित्य होय. कानशीने व पॉलिश कागदाने पृष्ठ सपाट केल्यावर पेस्ट नखाएवढीही लागत नाही. ती फक्त बारीक खळगे भरण्यापुरती असते. पीव्हीसी नळीत बंदिस्त केलेला धातू, तो कितीही जड असला तरी, तापत राहतो, कारण त्याला हवा मिळत नाही.

जोडणीची परीक्षा स्पर्शाने होते. दहा मिनिटे पेटवल्यावर विजेरीचे अंग कोमट झाले तर उष्णता बाहेर येत आहे असे समजावे. अंग गार राहून प्रकाश मंदावत किंवा निळसर होत असेल, तर ती तळाशीच अडली आहे. साधारण १०० चौ.सेंमी. उघड्या पृष्ठावर दोन वॅट उष्णता सोडल्यास अंग भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे २० अंशांनी तापते. त्यामुळे पौषातल्या जागलीत निर्धोक चाललेली विजेरी, पारा ४५ अंशांवर गेलेल्या मे महिन्यातील चंद्रपूर किंवा अकोल्याच्या दुपारी दुकानात तपासताना हातात धरवत नाही.