सर्वसहमती : मेंढा-लेखा येथील निर्णयपद्धती

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने रुजवलेली, बहुमताऐवजी सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची पद्धत. १९८० च्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टणम येथील नियोजित धरणांविरुद्ध या भागात आंदोलन झाले. त्यातून जागे झालेले आत्मभान ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेत उतरले. गावातील देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांचा या वाटचालीत मोठा वाटा आहे.

ग्रामसभेत मतदान घेऊन प्रश्न निकालात काढला जात नाही. एखाद्याचा विरोध असल्यास त्याचे म्हणणे ऐकले जाते, विषय पुढील बैठकीवर ढकलला जातो आणि सर्वांचे समाधान होईपर्यंत चर्चा चालू राहते. याला वेळ लागतो. पण विरोध करणारा माणूस हरलेल्या पक्षात जात नाही आणि झालेला निर्णय मोडण्याचे कारण कोणाजवळ उरत नाही, हा या पद्धतीचा खरा लाभ होय. स्त्रियांचा सहभाग येथे शोभेपुरता नाही, कारण त्यांच्या संमतीवाचून सर्वसहमती पूर्णच होत नाही.

ग्रामसभेइतकाच महत्त्वाचा, किंबहुना या पद्धतीचा कणा म्हणावा असा भाग म्हणजे अभ्यासगट. त्यात कायदा, जंगल, शेती अशा विषयांवर मोकळी चर्चा होते आणि बाहेरच्या जाणकारांनाही बोलावले जाते; मात्र तेथे निर्णय घेतला जात नाही. तो अधिकार फक्त ग्रामसभेचा. जाणणे आणि ठरवणे यांची अशी फारकत केल्यामुळे तज्ज्ञाच्या शब्दाखाली सामान्य गावकऱ्याचे मत दबत नाही.

वनहक्क कायदा, २००६ नुसार गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळण्यास २०११ साल उजाडले. तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा तो ग्रामसभेच्या हाती आला.

गाव लहान, बहुतेक कुटुंबे एकमेकांच्या नात्यातली आणि बैठकीची परंपरा जुनी, या अनुकूल गोष्टी विसरून ही पद्धत मोठ्या शहराला जशीच्या तशी लावता येणार नाही. शिवाय भिडेपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे; ज्या सभेत नकार देणाऱ्याला निर्धास्तपणे बोलता येत नाही, तेथील एकमत बहुमताहूनही जाचक ठरू शकते.

२०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान कायदा, १९६४ खाली ग्रामदानाचा मार्ग स्वीकारला. या कायद्यानुसार जमिनीची मालकी गावाकडे जाते, कसण्याचा हक्क कुटुंबाकडे राहतो आणि दानाची घोषणा प्रत्येक जमीनधारकाला स्वतंत्रपणे, स्वेच्छेने करावी लागते.