जागेपणातून सजग स्वप्नात प्रवेश

जागेपणाचा धागा न तोडता थेट स्वप्नात उतरणे आणि 'हे स्वप्न आहे' हे भान तिथेही टिकवणे, अशी ही प्रक्रिया आहे. 'वेक-इनिशिएटेड ल्युसिड ड्रीम' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून अभ्यासक तिला 'वाइल्ड' म्हणतात. सजग स्वप्न, म्हणजे ल्युसिड ड्रीम, बहुतेकांना पडते ते वेगळ्या वाटेने: माणूस आधीच स्वप्नात असतो आणि एखादी विसंगती खटकून त्याला उमजते. इथे क्रम उलटा असतो. शरीर झोपी जाते आणि जाणीव उंबरठ्यावर जागी राहते. ही वाट अवघड समजली जाते, आणि ते खरेही आहे. पण अडचण निर्धारापेक्षा वेळेची जास्त असते.

माणसाची झोप साधारण ९० मिनिटांच्या आवर्तनांत चालते. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी रेम झोपेचा टप्पा येतो. त्यात बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि ठसठशीत स्वप्ने पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा जेमतेम काही मिनिटांचा असतो, पहाटेकडे तो लांबत जातो. म्हणून रात्री अकराला अंथरुणावर पडून लगेच हा प्रयोग करणाऱ्याच्या हाती सहसा निराशाच येते, कारण पुढे गाढ झोप उभी असते. साधारण पाच तास झोपून उठावे, अर्धा-पाऊण तास जागे राहावे आणि मग पुन्हा आडवे व्हावे, ही रूढ पद्धत आहे. 'पहाटेची स्वप्ने खरी होतात' या समजुतीलाही याच शरीरक्रियेचा आधार असावा. ती खरी होतात की नाही ते सोडा, पण साखरझोपेतली स्वप्ने लांबलचक असतात आणि त्यांतूनच जाग येत असल्याने लक्षात राहतात.

पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. त्यामुळे चारला उठून पावणेपाचला परत पांघरुणात शिरणाऱ्याला सुमारे दोन तास अंधार मिळतो. जूनच्या सुरुवातीला सहाच्या आतच सूर्योदय होतो, तेव्हा जाड पडदे हवेत. पुण्याची प्रसिद्ध वामकुक्षी मात्र या कामी फारशी उपयोगाची नाही. रात्रीची झोप पुरी झालेल्याची दुपारची अर्ध्या तासाची डुलकी सहसा हलक्या झोपेतच संपते. त्यापेक्षा पहाटे लवकर उठलेल्याने सकाळीच टाकलेली पाठ बरी.

परत पडल्यावर हालचाल करायची नाही. एकेक आकडा मोजत प्रत्येकापाठी 'मी स्वप्नात आहे' असे मनाशी म्हणायचे, किंवा नुसते श्वासाकडे लक्ष ठेवायचे. मिटल्या डोळ्यांपुढे आधी रंगांचे डाग, मग चेहरे, जिने, गल्ल्या तरळू लागतात. कुणीतरी नावाने हाक मारल्याचा भास होतो. काहींना अंगातून कंप जातो, कानात घूं घूं होते, आपण तरंगतोय किंवा खाली जातोय असे वाटते. इथे चित्राकडे नुसते पाहत राहायचे असते. पकडायला गेले की जाग येते आणि सैल सोडले की झोप लागते. पेठेत राहणाऱ्याच्या कानावर याच वेळी काकड आरती पडली, तर टाळ-झांजा कधीकधी स्वप्नाच्या प्रसंगातच जाऊन बसतात.

चित्राला खोली आली आणि आपण त्याच्या आत उभे आहोत असे वाटले, की खात्री करून घ्यावी. नाक चिमटीत धरूनही श्वास घेता आला तर ते स्वप्न. दुसरी चाचणी मजकुराची: तो एकदा वाचून नजर फिरवावी आणि पुन्हा वाचावा. स्वप्नात अक्षरे बहुधा बदललेली असतात. पुणेकराला यासाठी साधन शोधायला नको, पाटी समोर असतेच.

या वाटेवर एक मुक्काम अनेकांना घाबरवतो. रेम झोपेत मेंदूकडून स्नायूंना जाणारे आदेश रोखले जातात, नाहीतर आपण स्वप्नातले धावणे पलंगावरच धावलो असतो. जाणीव जागी असताना ही जखडण लक्षात आली की हातपाय हलत नाहीत आणि छातीवर ओझे जाणवते. खोलीत कुणीतरी असल्याचीही भावना होते. 'छातीवर भूत बसले' म्हणतात ते हेच. श्वास चालूच असतो आणि काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ते उतरते.

डोळ्यांचे स्नायू मात्र या जखडणीतून सुटलेले असतात आणि शास्त्रीय पुरावा तिथूनच मिळाला. 'ल्युसिड ड्रीम' हा शब्द डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ साली रूढ केला, तरी प्रयोगशाळेत लोकांना तो बराच काळ पटत नव्हता. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाने आधी ठरवल्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवलेली नजर यंत्रावर नोंदवली. स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले. जागेपणातून थेट गेलेले आणि स्वप्नात असताना उमजलेले, असे सजग स्वप्नांचे दोन गट त्यांनीच पाडले. २०२१ साली चार देशांतल्या संशोधकांनी स्वप्न पाहणाऱ्यांना छोटी गणिते घातली. 'आठातून सहा गेले' याचे उत्तर एकाने नजर दोनदा फिरवून दिले.

भारतीय परंपरेत याचे मूळ शोधताना लोक घाईने पतंजलींकडे जातात. पुण्याच्या आनंदाश्रमाने १९०४ साली योगसूत्रांची सटीक आवृत्ती छापली. त्यातले 'स्वप्ननिद्राज्ञानालम्बनं वा' हे सूत्र (१.३८) स्वप्न किंवा निद्रेतल्या ज्ञानाचा आधार घेऊन मन स्थिर करण्याविषयी आहे. स्वप्नात जागे होण्याची कृती त्यात नाही. जास्त जवळचा आहे तो काश्मिरी शैवांच्या विज्ञानभैरवातला ७५वा श्लोक: 'अनागतायां निद्रायां प्रणष्टे बाह्यगोचरे'. झोप अजून आलेली नाही आणि बाहेरचे दिसेनासे झाले आहे, नेमकी तीच सांध मनाने गाठायला तो सांगतो. तिबेटी बौद्धांचा स्वप्नयोग नारोपा या बौद्ध सिद्धाच्या सहा योगांपैकी एक आहे आणि त्यात झोपेत शिरतानाच भान राखण्याचा सराव येतो. योगवर्गात शवासनात घेतात ती योगनिद्रा मात्र वेगळी. तिथे सूचना देणाऱ्याच्या आवाजामागून जायचे असते, स्वप्नात शिरायचे नसते.

रोज पहाटे झोपमोड केली तर दिवसभर पेंग येते, म्हणून जाणकार आठवड्यातून एक-दोन वेळाच प्रयत्न करायला सांगतात, तोही सुट्टीच्या दिवशी. वास्तव आणि भास यांची सरमिसळ होणारा मनोविकार असलेल्यांनी यापासून लांब राहावे. गॅलंटामाइन या स्मृतिभ्रंशावरच्या औषधाने सजग स्वप्ने वाढतात असे २०१८च्या एका चाचणीत दिसले, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध आहे. हौसेपोटी ते घेऊ नये.