डाखापासून सोल्डर वायरपर्यंत

बेळगावात घरी सर्किट जुळवणारा विद्यार्थी दुकानात सोल्डर वायर मागतो, पण त्या वस्तूचे जुने मराठी नाव डाख. निपाणी-खानापूर भागातील कारागीर कथील आणि शिसे एकत्र वितळवून गळकी भांडी आणि पत्र्याचे डबे सांधत, आणि डाख धरावा म्हणून सांध्यावर नवसागर किंवा जस्त विरघळवलेले आम्ल लावीत. भांडे नंतर धुता येई, म्हणून ते चालून गेले. पीसीबीवर, म्हणजे तांब्याच्या रेघा असलेल्या सर्किटच्या पट्टीवर, तोच क्षार उरला, तर खानापूरच्या पावसाळ्यात तो ओल धरून ठेवतो आणि तांब्याची रेघ हिरवी पडत पडत तुटते. यासाठीच इलेक्ट्रॉनिक्सच्या तारेत पोटाशी राळ भरलेली असते, आणि भांडी सांधण्याची क्षारयुक्त पेस्ट या कामाला वापरू नये.

धातूचे प्रमाणही असेच कामातून ठरत गेले. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला आणि शिसे सुमारे ३२७ अंशांना वितळते, पण ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळते आणि निवताना एकदम घट्ट होते. ६०/४० मात्र काही अंश अर्धवट लगद्यासारखे राहते. त्या क्षणी रेझिस्टरसारख्या सुट्या भागाचा पाय हलला, तर सांधा खडबडीत होतो आणि आत जोड कच्चा राहतो. नवशिक्याने म्हणूनच थोडे पैसे जास्त मोजून ६३/३७ घ्यावे, असे माझे मत आहे.

शिशाला आळा बसला तो १ जुलै २००६ पासून, युरोपीय संघाच्या निर्बंधांमुळे. भारतात ई-कचऱ्याचे २०११ चे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि त्यांत उपकरणांतील शिशाला ०.१ टक्क्याची मर्यादा आली. कारखाने कथील, चांदी व तांबे यांच्या मिश्रणाकडे वळले. ते सुमारे २१७ अंशांना वितळू लागते, सांधा मंद दिसतो आणि साध्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नला ते जड जाते. हे नियम उत्पादकांसाठी असल्याने घरच्या टेबलावर शिशाची आणि बिनशिशाची अशा दोन्ही तारा उरल्या. शिशाची तार वापरताना धुराची जी भीती घातली जाते, ती शिशाची नसून राळेच्या धुराची आहे, आणि त्याला उघडी खिडकी हवीच. शिसे पोटात जाते ते बोटांवरून, हात न धुता भाकरी खाल्ल्याने.