शेततळ्यातील मासा आणि जिवाणू : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

उजनी जलाशयालगतच्या गावांतील शेततळ्यांमधून कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी हे मासे आम्ही घरपोच देतो. समुद्राच्या मासळीची सवय असलेले ग्राहक पहिल्यांदा चौकशी करताना बहुधा एकच शंका काढतात, की साठलेल्या पाण्यात वाढलेल्या माशात जंतू नसतील कशावरून? शंका रास्त आहे आणि जंतू असतातच. समुद्रातल्या माशातही असतात. जिवंत, निरोगी माशाच्या मांसात मात्र ते जवळजवळ नसतात. कातडीवरचा बुळबुळीत थर, कल्ले आणि आतडी ही त्यांची ठिकाणे होत. मासा मेला की त्याची प्रतिकारशक्ती संपते आणि तेथून ते मांसात शिरू लागतात. त्यांना किती वेळ आणि किती ऊब मिळते, यावर पुढचे बहुतेक सारे अवलंबून असते.

माशाचा रोग आणि माणसाचा रोग

माशाला आजारी पाडणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू यांची नेहमी गल्लत केली जाते. गोड्या पाण्यात सर्वत्र आढळणारा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू धडधाकट माशाला सहसा काही करत नाही. पण तळ्यात गर्दी झाली, पहाटे पाण्यातला प्राणवायू घटला किंवा जाळे ओढताना खवले निघाले, की तो संधी साधतो. मग परांच्या मुळाशी रक्त साकळते, अंगावर लाल चट्टे आणि जखमा दिसतात, पोट फुगते. असा मासा आम्ही विकत नाही आणि आपणही कोणाकडूनच घेऊ नये. मात्र चांगल्या शिजलेल्या माशातून हा रोग माणसाला होत नाही.

याउलट माणसाला आजारी पाडणारे साल्मोनेला आणि ई. कोलाय या जिवाणूंचे मूळ घर मासा नव्हे. ते उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतात आणि विष्ठेवाटे पाण्यात येतात. पाण्यात प्लवंग, म्हणजे माशांचे खाद्य असलेले तरंगते सूक्ष्म जीव, वाढावेत म्हणून कच्चे शेण किंवा कोंबडीची विष्ठा तळ्यात टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे आणि खर्चाच्या दृष्टीने ती समजण्यासारखीही आहे. आम्ही ती पाळत नाही. तळ्यांभोवती कुंपण असून गुरे आणि बदके पाण्यात उतरत नाहीत. साल्मोनेलाने दूषित मासा दिसायला अगदी टवटवीत असू शकतो, म्हणून केवळ डोळे आणि कल्ले पाहून त्याची खात्री करता येत नाही. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार 25 ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला अजिबात आढळता कामा नये.

माशाचा रोग माणसापर्यंत पोहोचल्याची जी उदाहरणे नोंदली गेली आहेत, त्यांपैकी दोन आपल्याला उपयोगी पडतील. सिंगापूरमध्ये 2015 साली स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिए या जिवाणूच्या एका प्रकारामुळे शंभराहून अधिक लोकांना रक्तात, सांध्यांत किंवा मेंदूच्या आवरणात संसर्ग झाला. त्याचा संबंध गोड्या पाण्यातील माशांचे कच्चे काप खाण्याशी असल्याचे आढळले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील शासनाने तयार कच्च्या पदार्थांत गोड्या पाण्यातील मासा वापरण्यावर बंदी घातली. दुसरे उदाहरण कॅनडातील टोरांटोचे. तेथे 1995-96 च्या सुमारास जिवंत चिलापी घरी आणून साफ करताना बोटांना काटा टोचलेल्या काही जणांचा हात सुजला आणि स्ट्रेप्टोकोकस इनिए हा जिवाणू त्यांच्या रक्तात सापडला. आपल्याकडे मासा कच्चा खाण्याची पद्धत नाही, त्यामुळे पहिला धोका आपोआप टळतो. दुसरा टळत नाही. चिलापीच्या पाठीवरचा पर आखडून धरला तर त्याचे काटे सुईसारखे टोचतात, म्हणून तो कात्रीने आधी छाटावा. काटा टोचलाच तर जखम साबणाने लगेच धुवावी आणि सूज चढू लागल्यास डॉक्टरांना मासा साफ केल्याचे आवर्जून सांगावे.

औषधांविषयी

तळ्यात रोग दिसला की खाद्यातून प्रतिजैविक देणे हा सोपा मार्ग असतो आणि आमच्या मते ग्राहकाने जिवाणूंपेक्षाही याचीच अधिक चौकशी करावी. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांना आपल्याकडे बंदी आहे. नायट्रोफ्युरानचे अवशेष शिजवूनही जात नाहीत. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारख्या औषधाचा अवशेष किलोमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. औषध दिल्यानंतर मासा किती दिवस बाजारात आणू नये, हे ठरवताना युरोपात पाण्याचे तापमान आणि दिवस यांचा गुणाकार किमान 500 व्हावा असा एक सर्वसाधारण संकेत आहे, म्हणजे 25 अंशांच्या पाण्यात 20 दिवस. आम्ही औषध दिलेल्या तळ्यातील मासा त्या हंगामात घरपोच पेट्यांत भरतच नाही.

जाळ्यापासून आपल्या दारापर्यंत

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद केले जाते, कारण आतडी रिकामी असली की साफ करताना मांस कमी खराब होते. जाळे पहाटे ओढले जाते. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी 30 अंशांच्या आसपास असते. तेवढ्या उबेत काही जिवाणू 20 ते 30 मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून मासा जाळ्यातून थेट बर्फ आणि पाणी कालवलेल्या टाकीत जातो आणि नंतर पेटीत, एक किलो माशाला एक किलो बर्फ या प्रमाणात. पेटीच्या तळाशी भोक असते, ते गळतीचे नसून मुद्दाम पाडलेले असते, जेणेकरून वितळलेल्या पाण्यात मासा भिजत राहू नये. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असतो. खाण्याखेरीज अन्य वापराच्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम महाराष्ट्रात 2018 साली आला, तेव्हा कोणत्याही मासेवाल्याकडे निळसर बर्फ दिसला तर विचारावे. त्याच वर्षी गोव्यात मासळीत फॉर्मालिन हे मासा टिकवण्यासाठी गैरमार्गाने वापरले जाणारे विषारी रसायन असल्यावरून मोठा गदारोळ झाला होता. पुरेसा बर्फ वापरणाऱ्याला फॉर्मालिनची गरज पडत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात

पेटी आल्यावर मासा ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, झाकणाच्या भांड्यात ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. फ्रीझरमध्ये जिवाणू मरत नाहीत, थांबतात. म्हणून गोठलेला मासा फ्रीजमध्येच सुटा होऊ द्यावा. हळद, मीठ आणि कोकमाचे आगळ लावून ठेवल्याने मासा चविष्ट होतो, निर्जंतुक होत नाही. सर्वांत जास्त चूक विळीची होते : जिच्यावर मासा चिरला तीच नुसती पाण्याने विसळून कोशिंबिरीची काकडी चिरली जाते. विळी साबणाने आणि गरम पाण्याने धुवावी. कटल्याची जाड तुकडी किंवा गाभोळी मोठ्या आचेवर तळली, तर बाहेरून तांबूस होऊनही आत कच्ची राहते; आच मंद ठेवावी आणि मांस काट्यापासून सहज सुटते का ते पाहावे. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि यकृताचे आजार असलेल्यांनी याबाबत जराही ढिलाई करू नये.

मातकट वासाची तक्रार आमच्याकडे वारंवार येते. तो वास जिओस्मिन या द्रव्याचा असतो, जे पाण्यातील नीलहरित शैवाल आणि काही जिवाणू तयार करतात. ते अपायकारक नाही, आणि आंबटाने कमी होते, म्हणून अशा माशाचे कालवण चिंच किंवा कोकम घालून करावे.

प्रत्येक पेटीवर तळ्याचा क्रमांक आणि काढणीची तारीख छापलेली असते. पेटी उघडताना बर्फ पूर्ण वितळलेला असेल आणि मासा हाताला गार लागत नसेल, तर तो न धुता, न चिरता तसाच परत करावा. तो क्रमांक आम्हाला कळवल्यास रक्कम परत मिळेल आणि त्या दिवशी त्याच तळ्यातून गेलेल्या इतर पेट्यांचीही विचारपूस आम्हाला करता येईल.